नादारीचा अर्ज आणि बँकेतले खाते
(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावोगावच्या बैठकांत एकच प्रश्न येतो. नादारीचा अर्ज केला, तर कांद्याचे खात्यात जमा झालेले पैसे जातील का? सरळ उत्तर देतो.

कारखानदारांच्या कंपन्यांसाठी 2016 साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. तुम्हाआम्हाला अजून इंग्रजांचा 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. देणे 500 रुपयांचे असले तरी पुरे.

नादार ठरलो की खात्यातली शिल्लक आपली राहत नाही. ती न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि देणेकऱ्यांत वाटली जाते. हुकूम मागाहून झाला तरी तो अर्जाच्या तारखेपासून धरतात. नादारीतून मुक्त होईपर्यंत नव्याने आलेल्या पैशावरही रिसीव्हरचा हक्क पोचतो. ज्या बँकेचे कर्ज तिथेच बचत खाते असेल, तर बँक आपले येणे त्यातून वळते करू शकते.

मग कोणी शहाणा सांगतो, पैसे आधीच घरधनिणीच्या खात्यात टाका. ते करू नका. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत असे फुकट दिलेले न्यायालय रद्द करू शकते. खाते लपवले तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मात्र बाईच्या स्वतःच्या कमाईचे खाते तिचेच. ती कर्जाला जामीन नसेल, तर नवऱ्याच्या नादारीत ते जात नाही. चांदवडला 1986 साली मायबहिणी जमल्या त्या स्वतःचा हक्क मागायला, कर्ज झाकायला नव्हे.

वाचते काय? औतफाटा, गरजेपुरते बैल, बियाणे आणि तारण नसलेले शेतकऱ्याचे राहते घर. न्यायालयाच्या परवानगीशिवाय बिनतारण देणेकऱ्याला नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणही मागता येते. पण सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा नादारीने उठत नाही. ज्याच्याकडे जमीन तारण, त्याचा हक्क कायम राहतो.

म्हणून अर्जाआधी सगळी पासबुके, कर्जाचे उतारे आणि सातबारा वकिलापुढे ठेवा. भावाने मारलेला शेतकरी नादार होतो, त्यात लाज कसली? लाज लपवाछपवीची. उघड्या पासबुकानिशी कोर्टात उभे राहा. आपला हिशेब आपल्या बाजूने बोलेल.