खेळाडूची शिष्यवृत्ती आणि दुखापतीचा प्रश्न

बुद्धिमान विद्यार्थ्यास मिळणारी शिष्यवृत्ती आणि खेळाडूस मिळणारी शिष्यवृत्ती या दोहोंना नाव एकच असले, तरी त्यांचे स्वरूप एक नाही. गणितात पहिला येणारा मुलगा महिनाभर अंथरुणास खिळला, तरी त्याचे गणित त्याला सोडून जात नाही. खेळाडूचे सारे भांडवल मात्र त्याच्या देहात साठविलेले असते. कबड्डीतील एका पकडीत अथवा खो-खोतील एका वळणावर ते क्षणार्धात नाहीसे होऊ शकते. असा प्रसंग ओढवला म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. आजवर मिळत होते ते साहाय्य खेळासाठी होते, की खेळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी?

सोलापूरसारख्या शहराला हा प्रश्न परका नाही. यंत्रमागावर किंवा विड्या वळून ज्या घरांचा चरितार्थ चालतो, त्या घरांतील मुलामुलींना मैदानावरील कौशल्य हेच पुष्कळदा महाविद्यालयाचे दार उघडून देते. कोठे शुल्कात सवलत मिळते, कोठे वसतिगृहात जागा, कोठे गणवेश आणि प्रवासखर्च. करमाळा, मोहोळ, मंगळवेढा या तालुक्यांतील कित्येक मुले तर कुस्तीसाठी कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत जाऊन राहतात, आणि त्यांच्या दूध, तूप, बदामाच्या खुराकासाठी घरची माणसे पोटाला चिमटा घेतात. अशा घरात मुलाचा गुडघा दुखावला, तर त्याबरोबर कुटुंबाचा सारा हिशेबच कोलमडतो.

येथे वैद्यकाची एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. गुडघ्यातील लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया करावी लागली, तर पुन्हा मैदानात उतरण्यास सामान्यतः नऊ महिने ते एक वर्ष लागते. उलट, खेळाडूचे साहाय्य बहुधा एका वर्षापुरते असते आणि मागील हंगामाची कामगिरी पाहून ते पुढे चालू राहते. म्हणजे गुडघा बरा होण्याचा काळ आणि शिष्यवृत्तीची मुदत जवळजवळ सारखीच. खेळाडू पुन्हा उभा राहतो, तेव्हा दाखविण्यासारखी कामगिरी त्याच्यापाशी नसते. या भीतीपोटी मुले दुखापत लपवितात, पट्टी बांधून खेळतात, आणि जी दुखापत विश्रांतीने बरी झाली असती ती कायमची होऊन बसते. नियमाचा दोष अशा रीतीने देहाला भोगावा लागतो.

आश्रय आणि दुखापत यांची गाठ महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात फार मोठ्या नावाशी पडलेली आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची वाट अडविली. परंतु १९५५ सालीच ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले होते, आणि त्यामुळे दुखापतीनंतरही चरितार्थाचे साधन हाती राहिले. खाशाबांना आखाड्यापर्यंत नेले ते माणसांच्या औदार्याने. आखाडा सुटल्यावर सांभाळले ते नोकरीने. ज्या विद्यार्थ्यापाशी अद्याप पदक नाही, नोकरी नाही आणि गहाण टाकावयास घर असलेला प्राचार्यही नाही, त्याचे काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही सुटला नव्हता.

ज्या देशात महाविद्यालयीन खेळाडूंच्या शिष्यवृत्तीचा व्याप सर्वांत मोठा आहे, त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे एन.सी.ए.ए. ही संस्था महाविद्यालयीन खेळांचे नियमन करते. १९७३ साली तिने चार वर्षांच्या हमीची पद्धत मोडून शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. परिणाम असा झाला, की दुखापत झालेल्या खेळाडूचे नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर येऊन ठेपले. १९७६ साली इंडियाना स्टेट विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू सरावात जबर जखमी होऊन हातापायांनी कायमचा अधू झाला. त्याने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९८३ साली इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की तो विद्यार्थी होता, नोकर नव्हता. शिष्यवृत्ती म्हणजे वेतन नव्हे. त्याच्या करारपत्रात मात्र एक लक्षणीय कलम होते. दुखापतीने खेळणे अशक्य झाले, तर खेळाडूने शक्तीनुरूप क्रीडाविभागाच्या इतर कामांत मदत करावी आणि साहाय्य चालू राहावे, अशी त्यात तरतूद होती.

पुढे लोकमताच्या रेट्याने नियम हळूहळू बदलले. २०१२ पासून अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्यास पुन्हा मुभा मिळाली. २०१५ साली पाच धनाढ्य क्रीडासंघांनी, खेळातील कामगिरी घसरली या कारणाने शिष्यवृत्ती काढून घेण्यास आपल्या महाविद्यालयांना बंदी केली. ऑगस्ट २०२४ पासून तर पहिल्या श्रेणीच्या सर्वच महाविद्यालयांवर, खेळताना झालेल्या दुखापतीच्या उपचाराची सोय विद्यार्थी बाहेर पडल्यानंतरही किमान दोन वर्षे करण्याचे बंधन आले. इतकी साधी गोष्ट मान्य होण्यास पन्नास वर्षे लागली.

भारतातील व्यवस्था निराळी आहे. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लक्ष २८ हजार रुपयांचा खर्च ठरविण्यात आला. त्यांपैकी १ लक्ष २० हजार रुपये खेळाडूच्या हाती वरखर्चासाठी. तेथेही कामगिरीची वेळोवेळी फेरतपासणी होते आणि नावे गळतात. हलाखीत सापडलेल्या नामांकित खेळाडूंसाठी केंद्र सरकारने १९८२ साली कल्याण निधी स्थापन केला. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी यांसारखे किताब मिळविलेल्या मल्लांचे मासिक मानधन ४ हजारांवरून १५ हजार करण्याची घोषणा महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये केली. हे सर्व स्तुत्यच आहे. तथापि मानधन किताबाला मिळते आणि निधी कीर्तीला. किताब आणि कीर्ती यांच्या अलीकडे, वयाच्या विसाव्या वर्षी, ज्याचा खांदा निखळला त्याला या दोन्ही दारांत उभे राहता येत नाही. त्याला एक आधार तेवढा उरतो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी जे ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पूर्वी मिळविलेले पात्र प्रमाणपत्र दुखापतीने रद्द होत नाही. पण त्यांपैकी बऱ्याच नोकऱ्यांसही पदवी लागते, आणि पदवी पुरी होण्याआधीच साहाय्य तुटले, तर प्रमाणपत्र पेटीतच राहते.

म्हणून खेळाडूला आश्रय देणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने, दात्याने आणि मंडळाने तीन गोष्टी आरंभीच लेखी द्याव्यात. पहिली, शुल्काची सवलत आणि वसतिगृह हंगामापुरते नसून अभ्यासक्रम पुरा होईतो आहे. दुसरी, खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कोण करील आणि त्याचा विमा कोण उतरवील. तिसरी, खेळणे थांबले तर पंच, गुणलेखक अथवा साहाय्यक प्रशिक्षक म्हणून त्या विद्यार्थ्याला मैदानावरच काम मिळेल. सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. एका जिल्ह्यापुरत्या कार्यक्षेत्रात असा नियम करणे, विस्तीर्ण विद्यापीठांच्या मानाने, खचित सोपे आहे.

पालकांचेही एक कर्तव्य आहे. मुलाची निवड झाली म्हणजे पेढे वाटण्याच्या आनंदात कागदावर सही करून मोकळे होण्याची प्रवृत्ती असते. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: उद्या हा मुलगा खेळू शकला नाही, तर परवा त्याचे नाव हजेरीपटावर राहील काय? जी संस्था याचे उत्तर निःशंकपणे देते, तिने विद्यार्थी स्वीकारला असे समजावे. जी उत्तर टाळते, तिने केवळ त्याचे हातपाय भाड्याने घेतले आहेत.