सातबारा कुणाच्या नावावर?

श्रोतेहो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मालकी आणि वापर यांतला फरक शिकवावा लागत नाही. गाव नमुना सात मालक सांगतो, बारा पीक सांगतो. पण मोबाइलवर, संगणकावर खेळ ‘विकत’ घेणाऱ्या मुलांना हा फरक कोण सांगणार?

खेळ दोन तऱ्हांनी मिळतो. डाउनलोड केला तर तो आपल्या यंत्रावर उतरतो. स्ट्रीमिंगमध्ये तो कंपनीच्या संगणकावर चालतो, आपल्याकडे नुसते चित्र येते. गूगलची ‘स्टेडिया’ ही अशी सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. खेळांचे पैसे परत मिळाले, खेळ मात्र गेले. डाउनलोडचीही हमी नाही. ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ नंतर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्या घरीही तो थांबला.

मी कवी. माझा संग्रह विकला जातो तेव्हा कविता माझीच राहते, पण ती प्रत वाचकाची होते. तो ती भाच्याला देईल, नाहीतर रद्दीत घालील. मला त्याच्या कपाटातून ती काढून आणता येत नाही. डिजिटल दुकानात बहुधा प्रत विकलीच जात नाही, वापराचा परवाना मिळतो.

वापरापुरते घेण्यात गैर काही नाही. वाचनालयाची वर्गणी आपण आनंदाने भरतोच. पण वाचनालय पुस्तकावर आपला शिक्का मारते, काही लपवत नाही. परवानाच देत असाल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडेही तो हवा. तोवर पैसे भरण्याआधी आपणच विचारावे: सातवर नाव लागणार, की नुसते बारावर पीक?