जीपचा पाटा आणि आयताचे कर्ण

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, छापण्यापुरतं थोडं आवरून)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक आणि उद्याचं जग'. मी हो म्हटलं आणि मागच्या आठवड्यात कळवलं, की मी जीपच्या पाट्यांवर बोलणार आहे. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. पण कुणी नाही म्हणालं नाही, म्हणून इथे उभी आहे.

बाबांची जीप तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पवनारला धाम नदीवर आपण गेलो होतो तेव्हा तिच्या मागच्या भागात नऊ जण कोंबले होते. ती जीप अजून आहे. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि रोज तिनेच शेतावर जातात. सेवाग्रामपासून डांबरी रस्ता बरा आहे, पण शेवटचा दीड किलोमीटर पांदण. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या वाटेवर चाक सपाट जमिनीवर असं कधी नसतंच.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आले, तर जीप मागून डावीकडे बसलेली दिसली. खाली वाकून पाहिलं. मागचा पाटा ज्या ब्रॅकेटने चॅसीला धरलेला असतो, त्या हँगरजवळ चॅसीला तडा गेला होता. मी जीप आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये नेली. तो आत्ता मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नको म्हणाला, गिऱ्हाईक पळतील. दहावीला तो गणितात दोनदा गेला, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आपण सगळेच तेव्हा हसलो होतो. मीसुद्धा.

त्याने जीपखाली जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "चार दिवस लागते. थांबत असशील तं ठेव, नाई तं घेऊन जाय."

मला परवाची पुण्याची गाडी होती आणि सोमवारी एक रिलीज. मी म्हटलं, नुसतं वेल्डिंग तर करायचंय. तो काही बोलला नाही. मी जीप घेतली आणि दुसरीकडे नेली. तिथे दोन तासांत काम झालं. तड्यावरून वेल्डिंगची रेघ ओढली, वर एक जाड चौकोनी पत्रा चारही बाजूंनी वेल्ड केला, काळा रंग मारला. त्या कारागिराने विचारलं होतं, "पाटा खोलून पाहू का?" मी म्हटलं, नको, चालेल. हे 'चालेल' माझं होतं, त्याचं नव्हतं. म्हणून दोष त्याला देत नाही.

आठ महिन्यांनी, आषाढात, आई-बाबा शेतावरून परतत होते. पांदणीवर बाबांनी ब्रेक दाबला आणि हँगर चॅसीचा तुकडा घेऊन निघाला. मागचा ॲक्सल एका बाजूने मागे सरकला, जीपचं बूड डावीकडे गेलं आणि मागचं चाक नाल्याच्या काठावर लोंबकळत थांबलं. बाभळीच्या एका खोडाला टेकून थांबलं, असं आई सांगते. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. मी फोन कापला. पाच मिनिटांनी परत लावला, तेव्हा आई म्हणाली, "काही नाई बाप्पा, तू जेवली का?"

मी आले ती जीप विकायच्या तयारीनेच. बाबा एवढंच म्हणाले, "विक ना. मंग मले वावरात कोन नेईन, हे बी सांगून जाय." ट्रॅक्टरमागे टाकून जीप परत त्याच मित्राच्या दारात आली. त्याने मागच्या वेळचा विषयही काढला नाही. या वेळी मी चार दिवस थांबले.

तर आता पाटा. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. मधोमध ॲक्सल यू-बोल्टने बांधलेला. पुढचं टोक हँगरमध्ये पक्कं, मागचं टोक शॅकलवर, म्हणजे झोक्यासारख्या हलणाऱ्या दोन पट्ट्यांवर. झोका कशाला? खड्ड्यात चाक आपटलं की कमान सपाट होते, आणि सपाट झाली की तिची लांबी वाढते. ती वाढलेली लांबी शॅकल मागे झुकून सामावून घेतो. मी इंजिनीअर आहे, पदवीला हे सगळं शिकले होते, पण बिघडलेला शॅकल हातात धरेपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्या जीपचा डावा शॅकल गंजून जाम झाला होता. घण मारला तरी हलेना. किती वर्षं त्याला ग्रीस नव्हतं, हे बाबांनाही आठवेना. म्हणजे प्रत्येक खड्ड्यात पाटा लांबायला बघत होता आणि जागा नसल्यामुळे पुढच्या हँगरला ढकलत होता. त्यात हँगरवर नुसतं वजन नसतं. इंजिनाची ओढ चाकातून आणि ब्रेकचा धक्काही चॅसीपर्यंत पोहोचतो तो पाट्याच्या त्याच टोकातून. तडा हँगरला गेला होता, पण आजार शॅकलचा होता. माझ्या धंद्यातही एरर येते एका ओळीत आणि चूक असते तिसऱ्याच फाइलमध्ये. तिथे मी ज्युनिअर मुलांना यावर लेक्चर देते.

पहिला दिवस त्याने फक्त खोलण्यात आणि खरवडण्यात घालवला. डिझेलची टाकी उतरवली, बॅटरी सोडली, चॅसी घोड्यांवर घेतली, जुना पत्रा ग्राइंडरने काढला. नवा तडा बरोबर त्या पत्र्याच्या उभ्या कडेने गेला होता. जाड पत्रा पातळ चॅसीवर बसवला की तेवढा भाग ताठर होतो आणि सगळी वाकवण त्याच्या कडेला येऊन जमते. आणि वरच्यावर ओढलेल्या वेल्डिंगखाली जुना तडा तसाच जिवंत होता.

मग त्याने तड्याचं टोक शोधलं, आणि ते पाहून मी खाली बसले. चॅसी घासून लख्ख केली, तिच्यावर डिझेल फिरवलं, थोडं थांबून कोरडं पुसून घेतलं आणि वरून फळ्यावरचा पांढरा खडू घासला. पूर्वी यासाठी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल मिळत नाही. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली. तड्यात मुरलेलं डिझेल खडूने ओढून बाहेर आणलं होतं. डोळ्याला तडा संपलेला दिसत होता, त्याच्या बोटभर पुढे ती रेघ गेली होती. रेल्वेच्या कारखान्यांत फार पूर्वीपासून याच तऱ्हेने भेगा शोधत असत.

रेघेच्या टोकाला त्याने बारीक भोक पाडलं. टोकदार तडा पुढे पळत राहतो, गोल भोकाशी तो अडतो. जागा स्वच्छ करून पूर्ण वाळू दिली, तड्याला खाच पाडून तळापासून भरत आणलं. एकदम नाही, थोडं वेल्डिंग, मग थंड होऊ द्यायचं, मग दुसऱ्या जागी. रॉड दमट नकोत म्हणून ते आधी तापवून घेतलेले. वरून आधाराचा पत्रा लावला तो चॅसीच्याच जाडीचा, आणि पतंगासारख्या तिरप्या कडांचा, म्हणजे चॅसीला आडवी छेदणारी सरळ रेघ कुठेच नको. नव्या हँगरच्या बोल्टसाठी चॅसीच्या आत पाइपाचे तुकडे घातले, नाहीतर बोल्ट आवळताना पोकळ चॅसी चेपते. शॅकल, पिना, बुश, यू-बोल्ट सगळे नवे. ताणलेले यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत, हे त्याने मला दोनदा सांगितलं. पैसे मी देणार होते ना.

पण नवा हँगर पक्का करण्याआधी, तिसऱ्या दिवशी, त्याने ओळंबा काढला. पाट्यांच्या चारही टोकांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने चार खुणा केल्या. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, धर. आडवं मापलं, मग तिरपं मापलं, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. दोन मापांत 11 मिलिमीटरचा फरक होता. "दोन्ही तिरके सारखे आले पाहिजे, तवाच गाडी सरळ चालते." मी दोरी धरून उभी होते. आयताचे कर्ण एकरूप असतात. या प्रमेयाची सिद्धता मी नववीत फळ्यावर लिहिली होती, सरांनी पाठ थोपटली होती, आणि हाच तेव्हा मागच्या बाकावर उभा होता, शिक्षा म्हणून.

सर, तुम्ही समोर आहात म्हणून सांगते. आपली शाळा काही नई तालीमची नव्हती, राज्य मंडळाचीच होती. हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हा विचार 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, त्या जागेपासून आपण इतके जवळ, पण कार्यानुभवाच्या तासाला आपण गणिताचे पेपर सोडवायचो. मीच मागे लागायचे.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, दिवाळीत तुझं ऐकायला हवं होतं. तो म्हणाला, "मी तरी कुठं धरून ठेवलं? मलेच वाटलं, इंजिनीअर हाय, समजत असन." हे मला जास्त लागलं.

फरक 2 मिलिमीटरवर आणून मगच त्याने हँगर पक्का केला. चौथ्या दिवशी बाबांनी स्वतः जीप चालवत घरी नेली. मी मागे बसले होते, शॅकल हलतोय का ते वाकून बघत. हलत होता.

जीप बाहेर लिंबाखाली लावली आहे. ज्यांच्याकडे शेतावर जुनी पाट्यांची गाडी आहे, त्यांनी जेवणानंतर या, खडूने तडा कसा दिसतो ते तो दाखवेल. नाहीतरी यू-बोल्ट आवळायचेच आहेत, पाना त्याने पिशवीत आणला आहे.