कुंडलचा माळ आणि लक्ष्मणराव

मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला वाटेत किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव होतं कुंडल रोड. गावाच्या नावावरून माणसं ओळखली जातात. इथं एका कुटुंबाच्या आडनावावरून गाव ओळखलं जाऊ लागलं. ते आडनाव या माळावर आणणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथं कळलं, की काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. रंग सुटले, रेघ सुटली नाही. यंत्रांची रेखाटनं शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

पण धंदा सुरू झाला तो भावाच्या जोडीनं. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला पाठवायच्या. तिथं थोरल्या रामूअण्णांनी त्या विकायच्या. शिवाय गिऱ्हाईकाला चालवायलाही शिकवायचं, कारण सायकल घेतली तरी तिच्यावर बसायचं कसं, हे ठाऊक होतं कुणाला? पुढं हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. दुकानाची पाटी होती ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

बेळगावातच कारखाना निघाला. त्यात कडबा कापायच्या यंत्रानंतर आला लोखंडी नांगर. शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडानं जमिनीला विष बाधतं, अशी समजूत. नांगर खपवायला दोन वर्षं झटावं लागलं. तो कुठं खपू लागला, तोच कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी म्हणून नगरपालिकेनं खाली करायला लावली.

मदतीला धावले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडलजवळची 32 एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंग आणि सापांचं राज्य! 1910 साली पंचवीसेक कामगार बायकामुलांसह तिथं उतरले. आधी निवडुंग तोडला, मग घरं उभी राहिली, मग कारखाना.

या वाडीत माणसं कशी निवडली गेली, ते पाहण्यासारखं आहे. शंभूअण्णा जांभेकर होते आणि शाळा अर्ध्यावर सुटलेले अनंतराव फळणीकर होते. एकाचं ओतकाम आणि दुसऱ्याची यंत्रांची कल्पकता यांवर कारखाना उभा राहिला. मंगेशराव रेग्यांनी हिशेब धरले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनापासून विक्रीपर्यंत पडेल ते काम निस्तरायचे. रात्रीच्या पहाऱ्याला तर औंध संस्थानच्या तुरुंगातून आलेले दोघं कैदी होते! ज्यांच्यापासून दारं लावून घ्यायची, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी किल्ल्या दिल्या.

वसाहतीत शिवाशीव पाळायची नाही, हा त्यांचा नियम. तो काळ ध्यानात घेतला, की या नियमाचं वजन कळतं. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत विहिरींवरचं पाणीही जातीजातीत वाटलेलं होतं.

घरच्या पोरांनाही त्यांनी नुसतं गल्ल्यावर बसवलं नाही. पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले. त्यांनी नांगराच्या जाहिराती केल्या आणि 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली. त्यातूनच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक घडलं, आणि 1930 साली ‘स्त्री’ निघालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून 1926 साली परतला आणि कारखान्यात उतरला.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी गेले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. कुंडलच्या त्या माळावर आज कारखान्यात पंप तयार होतात आणि स्टेशनवर उतरणारा माणूस वाडीचा रस्ता विचारतो.