शवविच्छेदनाचा अहवाल वाचायला शिकूया



मित्रमैत्रिणींनो, मी समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे रेशनकार्डापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत वस्तीतला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. एकदा एका मावशीने शवविच्छेदनाचा अहवाल पुढे केला. मुलगा पोलीस कोठडीत वारला होता. "बघ गं पोरी, मारलं असं लिहिलंय का?" एम.ए. होऊनही मला सांगता आलं नाही. ती लाज अजून गेलेली नाही.

परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी आठवा. वडार समाजातला, कायदा शिकणारा तरुण. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झाली आणि 15 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू. सरकार श्वसनाच्या आजाराबद्दल बोललं. शवविच्छेदनात मात्र 'अनेक जखमांमुळे शॉक' असं कारण आलं. इथे शॉक म्हणजे शरीराचा रक्तपुरवठा कोलमडणं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांवर ठपका आला. आई हायकोर्टात गेली. 4 जुलै 2025 रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि 30 जुलैला सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

म्हणून मृत्यूच्या कारणाच्या ओळीवर थांबू नका, जखमांचा रकाना वाचा. काठीच्या फटक्याने दोन समांतर वळ उठतात, मधली कातडी फिकी राहते. खोल मुका मार वरून दिसत नाही. पाठ, मांड्या, तळवे चिरून पाहावे लागतात. ते पाहिले का, हे अहवालात शोधा. वळाच्या रंगावरून जखम ताजी की जुनी याचा अंदाज येतो. तो अटकेच्या तारखेशी ताडून पाहा.

कायदाही माहीत हवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 प्रमाणे कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची असते आणि 24 तासांत मृतदेह तपासणीला पाठवायचा असतो. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. मानवी हक्क आयोगाने शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाची सूचना दिली आहे. ते झालं का, हे लेखी विचारा.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेले. या वेळी जखमांचा रकाना एकेक ओळ करून मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "आता वकिलाकडे जाऊ."

तुमच्या वस्तीतही असा कागद येईल. तो वाचायची तयारी आजच करा.

जय भीम, जय संविधान!