धागे तेच, नक्षी निराळी

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूच्या मागावर सारेच उभे धागे एकदम उचलले जात नाहीत. कोणते उचलावयाचे, यावर नक्षी ठरते. मनुष्याच्या बहुतेक पेशींत जनुकांचे धागे तेच असतात, तरी डोळ्याची पेशी यकृताची होत नाही. डीएनए मिथिलट्रान्सफरेज नामक विकर डीएनएवर मिथिलची चिमुकली खूण जडविते. मग ते जनुक बहुधा मूक राहते. ही मिथिल-सामग्री पुरविण्यात फोलेट व ब-१२ या जीवनसत्त्वांचा हात असतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून भोवतालच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास मांडिला. ब-१२ उणे, फोलेट अधिक, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. यामागे मिथिलच्या खुणा असाव्यात, हा तूर्त तर्कच. शाकाहारी घरात ब-१२चा आधार दूधदुभत्याचा. आणि ते सुनेच्या ताटात बहुधा सर्वांत शेवटी पडते.