तिसरा रकाना

म्हसळा तालुक्यातले आणि श्रीवर्धन, तळा, माणगावहून आलेले डॉक्टर मित्रमैत्रिणी, परिचारिका भगिनी आणि आशाताई,

भात झोडून झालं, ओपीडीची गर्दी ओसरली, म्हणून आज आपण जमू शकलो. शिवाय क्रेडिट पॉइंटही हवेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० गुण दाखवावे लागतात, मलाही लागतात. पण खुर्चीवर बसून मिळालेले गुण आणि खाटेशी बसून मिळालेलं शिक्षण, यांचा हिशेब वेगळा ठेवावा.

एका जुलैतली गोष्ट. लावणी ऐन भरात होती. पस्तिशीतला एक शेतकरी ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं घेऊन आला. दिवसभर चिखलात वाकल्यावर पोटऱ्या दुखणारच, असं म्हणून मी तापाच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी आणला तेव्हा डोळे पिवळे, लघवी जवळजवळ बंद. लेप्टोस्पायरोसिस. मुंबईला पाठवला. तो वाचला हे मला कळलं सहा महिन्यांनी, एसटी स्टँडवर तोच समोर आला तेव्हा. मधल्या काळात मी साधी चौकशीही केली नव्हती.

तो भेटला त्या रात्री दोनशेपानी वहीत तीन रकाने आखले: काय दिसलं, मला काय वाटलं, पुढे काय झालं. पहिले दोन रोज भरतात. तिसरा कोरा राहतो, कारण रुग्ण अलिबागला, मुंबईला गेला की गोष्ट आपल्यापुरती अर्ध्यातच तुटते. निदान चुकलं हे कळलंच नाही, तर ती चूकच अनुभव म्हणून अंगात मुरते.

हा तिसरा रकाना भरायला आपल्याच जिल्ह्यात एक डॉक्टर रात्र रात्र जागला. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसं दगावत होती आणि पुस्तकात नेमकं उत्तर नव्हतं. घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, छातीत घरघर कधी लागली, हे ते टिपत राहिले. हृदयावरचा ताण आणि फुप्फुसात साचणारं पाणी जीव घेतं, हे त्यातून उलगडलं. १९८२मध्ये ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. एम.डी. होऊनही ते याच भागात, पोलादपूरला परतले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी त्यांनी वापरली आणि जिथे शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण जात, तिथे ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ची पद्मश्री नंतरची. अभ्यासक्रम मात्र त्यांचा त्यांनीच आखला होता.

आपल्यातला प्रत्येक जण ‘लॅन्सेट’पर्यंत पोचणार नाही. पण फोन तर करता येतो? शनिवारी अर्धा तास ठेवा. आठवड्यात पुढे पाठवलेल्यांच्या घरी विचारा. नंबर लागला नाही तर आशाताई आहेत; कोण बरं होऊन आलं, हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असतं. माझ्या तिसऱ्या रकान्याने मला एवढं शिकवलं: पावसाळ्यात तापासोबत पोटऱ्या दुखल्या, की आधी पायांवरच्या जखमा बघायच्या आणि डॉक्सिसायक्लिनला उशीर करायचा नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपली चुकलेली एक केस आणावी, अशी माझी विनंती आहे. माझी वही आत्ताही पिशवीत आहे. बरेच रकाने कोरे आहेत. त्यातले काही रुग्ण तुमच्या गावचे असतील. चहाच्या वेळी सांगा, लिहून घेतो.